एका चढाईनंतर: महाविद्यालयीन खेळाडूंना प्रेक्षकांकडून होणारी ऑनलाइन शिवीगाळ

मातीचे मैदान (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो आणि मुलींच्या कबड्डी संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गावाचे, महाविद्यालयाचे आणि जिच्यामुळे हा धागा काढावासा वाटला त्या मुलीचे नाव मी लिहिणार नाही. आपणही अंदाज बांधू नयेत, ही पहिली विनंती.

कापसाची शेवटची वेचणी उरकत आली की आमच्या भागात कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे दिवस सुरू होतात. लोकवर्गणी होते, मैदान पाणी मारून दाबले जाते, चारी कोपऱ्यांत दिवे लागतात आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सामने चालतात. यंदा शेजारच्या तालुक्यातील अशाच एका स्पर्धेत आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. गुण २८–२८ असे बरोबरीत होते. आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या आणि तिसरी, म्हणजे गुण आणावाच लागणारी चढाई, या मुलीकडे आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी संपूर्ण स्पर्धेत आमची सर्वांत भरवशाची चढाईपटू होती. तिने निदानरेषा ओलांडून उजवा पाय आत टाकला, कोपऱ्यातील मुलीने तिचा घोटा धरला आणि दुसरीने कंबर आवळली. मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर तिची बोटे मातीत रुतलेली मी पाहिली. एका गुणाने सामना गेला.

सामन्याचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू होते. बांबूला बांधलेला एक मोबाइल आणि समालोचकाचा माइक, एवढीच ती व्यवस्था होती. ती गुडघ्यावरची माती झटकत बाहेर येत होती तेव्हाच त्या प्रक्षेपणाखाली लोकांचे लिहिणे सुरू झाले होते. आरंभी चढाई चुकली, एवढेच लोक म्हणत होते. मग तिच्या कपड्यांवर, अंगावर, नंतर जातीवर आणि अखेर तिने पैसे घेऊन सामना सोडला, येथवर मजल गेली. रात्री प्रक्षेपणातील तिचे एक चित्र कापून, त्यावर घाणेरडी ओळ लिहून ते इन्स्टाग्रामवर टाकण्यात आले आणि सकाळपर्यंत तिच्याच गावाच्या व्हॉट्सअॅप गटात फिरू लागले.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते असे. या मुलीकडे स्वतःचा फोन नाही. घरात धाकट्या भावाचा एक फोन आहे, त्याची काच कोपऱ्यातून तडकलेली आहे आणि तिचे इन्स्टाग्राम खातेही त्याच फोनमध्ये उघडलेले असते. त्यामुळे त्या शिव्या तिने नव्हे, तिच्या सोळा वर्षांच्या भावाने आधी वाचल्या आणि त्याच्याकडून त्या वडिलांपर्यंत पोहोचल्या. मी दोन दिवसांनी घरी गेलो तेव्हा वडील ओसरीवर तुरीच्या शेंगा निवडत होते. ते म्हणाले, "सर, पोरगी खेळते याचं मले कधी काही वाटलं नाही. पण आता चौकात बसनं कठीण झालं." एवढे बोलून त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

शिवीगाळीमुळे खेळाडूचे मन खचते असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. परंतु आमच्याकडील मुलीच्या बाबतीत मन खचण्याच्या आधी परवानगी खचते. ही परवानगी एकदा मिळाली म्हणून कायमची होत नाही. ती दर सामन्याला नव्याने मिळवावी लागते: आईकडून, वडिलांकडून, शेवटची एसटी चुकली तर कोण आणायला येईल या प्रश्नाकडून आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्याकडून. शिवी लिहिणाऱ्याला वाटते की आपण एका पराभवावर राग काढला. प्रत्यक्षात तो या बारीक धाग्यावर सुरी ठेवत असतो.

तक्रार करावी का, केली तर कोठे, आणि आयोजकांकडून पुढच्या स्पर्धेआधी काय मागून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

जुना प्रेक्षक

सर, झाले ते वाईटच झाले आणि जातीवरून बोलणाऱ्याला माफी नसावी. तथापि एक बाजू मांडतो. मी पंचेचाळीस वर्षे कुस्तीच्या दंगली आणि कबड्डीचे सामने पाहत आलो आहे. हरलेल्याला प्रेक्षक पूर्वीही बोलत असत, कधी फार लागेल असे बोलत असत, आणि खेळाडू ते पचवून पुढच्या वर्षी अधिक तयारीने येत असे. मैदानात उतरलेल्याने लोकांचे बोलणे ऐकण्याची तयारी ठेवावी, असे मला वाटते. प्रत्येक बोलण्याची तक्रार होऊ लागली तर लोक सामने पाहायला येणार नाहीत आणि लोक आले नाहीत तर वर्गणी कोण देणार?

निदानरेषा

दादा, आपल्या वयाचा मान राखून मी असहमती नोंदवते. मी स्वतः अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातील एका महाविद्यालयाकडून तीन वर्षे कबड्डी खेळले आहे. मैदानाच्या कडेने ओरडणारा माणूस मला दिसत असे. बहुतेक वेळा तो ओळखीचा निघे आणि दिवे मालवले की त्याचे ओरडणेही संपे. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्यावर तोच नजर चुकवीत असे, कारण त्याला ठाऊक असे की मी त्याचा आवाज ओळखला आहे. लिहिलेल्या शिवीला ही लाजही नाही आणि रात्र संपण्याची मर्यादाही नाही.

माझ्या एका सामन्यात पकड करताना माझा टी-शर्ट वर सरकला होता. कोणीतरी नेमका तो क्षण कापून आठ सेकंदांची चित्रफीत केली. पराभव विस्मरणात गेला. ती चित्रफीत मात्र दरवर्षी हंगाम सुरू झाला की कोणाच्या ना कोणाच्या खात्यावरून पुन्हा वर येई. मला पाहायला आलेल्या एका स्थळाच्या मामाने ती माझ्या काकांना दाखवली होती. लग्न मोडल्याचे मला दुःख नाही. पण त्यानंतर मी सरावाला जाताना आईने दाराशी उभे राहून काही न बोलता पाहत राहणे मला सहन झाले नाही आणि मी खेळणे सोडले. मला कोणी खेळू नकोस असे सांगितले नव्हते, हेही येथे नमूद करते.

नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने उघडपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या डावांपेक्षा तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. मला तिचा अतिशय अभिमान वाटतो. मात्र तिच्या हाती स्वतःचे खाते होते आणि तिचे लिहिणे जगाने वाचले. सरांच्या विद्यार्थिनीच्या हाती भावाचा फोन आहे. बोलणे ऐकण्याची तयारी ठेवावी हे म्हणणे तिला उद्देशून असेल तर ते अपुरे आहे. ती तयारी तिच्या आईवडिलांनी, आजीने आणि भावानेही का ठेवावी, याचे उत्तर आपण द्यावे.

मातीचे मैदान

ताई, आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आपण खेळ सोडलात तेव्हा आपल्या महाविद्यालयातील कोणी घरी आले होते का?

निदानरेषा

नाही, सर. गैरहजेरीचे पत्र आले होते.

तालुका वकील

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. सरांच्या प्रश्नाला क्रमाने उत्तर देतो, थोडे लांबेल.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. पोलीस ठाण्यात आजही काही जण आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी असलेल्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चे नाव घेतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे, त्यामुळे त्याचा आधार घेऊन दिलेली तक्रार आरंभीच लंगडी पडते. त्यावरून कायद्यात काहीच उरले नाही, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयाचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९, ऑनलाइन पाठलागासाठी कलम ७८ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. नाव लपवून धमकी दिली असेल तर शिक्षा वाढते. मजकूर किंवा चित्र अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. जातीवाचक मजकुरासाठी १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम आहे. तो लागू होतो की नाही हे मुलीचा प्रवर्ग आणि मजकूर कोठे, कोणासमोर टाकला गेला यावर ठरते. लागू झाल्यास तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि गावपातळीवर प्रकरण मिटवून घेण्याचा दबाव काहीसा कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

टोकियो ऑलिम्पिकच्या वेळचे वंदना कटारियाचे प्रकरण आठवावे. ३१ जुलै २०२१ रोजी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. चारच दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्य सामना गेला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद येथील तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. तेव्हा कुटुंबीयांनी तक्रार दिली आणि गुन्हा नोंदला गेला. देशासाठी खेळणाऱ्या मुलीच्या घरच्यांना जर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, तर आपल्या मुलीच्या घरच्यांनी ती चढण्यात कमीपणा मानू नये.

पुरावा फार महत्त्वाचा आहे. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. ज्या खात्यावरून मजकूर आला त्याचा पूर्ण दुवा, तारीख आणि वेळ त्यात दिसावी, मूळ फोन जपून ठेवावा आणि त्यातील मजकूर पुसू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. संतापाच्या भरात घरचे लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सगळे पुसून टाकणे, आणि तेथेच प्रकरण अर्धे संपते. सरांनी भावाला आजच सांगावे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही देता येते. प्रत्यक्ष ठाण्यात गेल्यास कलम ७८ किंवा ७९ सारख्या गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यावी असा नियम आहे आणि त्याचा आग्रह धरावा. लिहिणारा महाविद्यालयातीलच असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीकडेही जाता येते.

राहिला गावाचा व्हॉट्सअॅप गट. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातून आलेल्या एका प्रकरणात, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटप्रमुखाला, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, जबाबदार धरता येणार नाही असे म्हटले. गटप्रमुखाकडे सदस्य घेण्याचा किंवा काढण्याचाच अधिकार असतो, मजकुरावर त्याचे नियंत्रण नसते, हा त्यातील एक आधार होता. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपने गटप्रमुखाला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. तेव्हा कायद्याने तो सुटेल, पण माझ्या हाती काहीच नव्हते असे त्याने आता म्हणू नये.

थेट प्रक्षेपण

मी शेजारच्या जिल्ह्यात ग्रामीण सामन्यांचे थेट प्रक्षेपण करतो. सरांनी लिहिलेली स्पर्धा माझ्याकडे नव्हती, परंतु असे माझ्याही प्रक्षेपणाखाली घडलेले आहे आणि मी ते घडू दिले आहे. कारणही सांगतो. प्रतिक्रिया वाढल्या की पाहणारे वाढतात असा आमचा समज असतो, शिवाय मी एकटाच कॅमेरा, गुणफलक आणि बॅटरी सांभाळत असतो. तिसऱ्या चढाईच्या वेळी तर माझी नजर लिहिणाऱ्यांकडे नसतेच.

यूट्यूबमध्ये सोयी आहेत. विशिष्ट शब्द असलेले संदेश अडवता येतात, एका माणसाला दुसरा संदेश लिहिण्याआधी थांबायला लावता येते आणि विश्वासातील व्यक्तीला नियंत्रक म्हणून नेमता येते. सामना संपल्यावर चित्रीकरणासोबत ते सारे लिहिणे दिसत राहते, तेही बंद करता येते. ही शेवटची गोष्ट आमच्यापैकी अनेकांना माहीतच नसते. इन्स्टाग्रामवरही नको असलेल्या शब्दांची यादी देण्याची सोय आहे. अडचण अशी की आपल्या वऱ्हाडी शिव्या तयार गाळणीत अडकत नाहीत. एकच शब्द लोक देवनागरीत, रोमन लिपीत आणि मध्ये ठिपके टाकून असा तीन-चार प्रकारे लिहितात. यादी आपणच करावी लागेल.

मागच्या आठवड्यात एका स्पर्धेत मी माझ्या पुतणीला नियंत्रक म्हणून बसवले. पहिल्या दोन तासांत तिने चौदा जणांना अडवले. तिने त्यातील नऊ जणांना ओळखले आणि ते मला अधिक लागले.

दूरदेशी विदर्भकर

मी मूळचा वाशिम जिल्ह्यातील असून सध्या अमेरिकेत आहे. येथे महाविद्यालयीन खेळांना आपल्याकडील क्रिकेटसारखे वेड आहे आणि हा रोग फार वाढलेला आहे. येथील महाविद्यालयीन खेळांची मुख्य संस्था असलेल्या एनसीएएने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन हजारांहून अधिक खेळाडूंची खाती तपासली गेली आणि पाच हजारांहून अधिक संदेश अपमानकारक किंवा धमकीचे असल्याचे निश्चित झाले. बास्केटबॉलमध्ये मुलींना आलेल्या धमक्या मुलांच्या सुमारे तिप्पट होत्या. सुमारे बारा टक्के शिवीगाळ सट्ट्याशी जोडलेली होती.

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम देतो आहे. मे २०१८ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावर बंधन घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला, त्यानंतर एकेका राज्यात सट्टा खुला होत गेला. एखादी खेळाडू किती गुण करील यावरही पैसे लागू लागले. पैसे बुडालेला माणूस त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचे खाते शोधून तिला थेट लिहितो. संस्थेच्या अध्यक्षांनी मार्च २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंवरील असे वैयक्तिक सट्टे बंद करावेत अशी राज्यांकडे मागणी केली. सरांनी लिहिले आहे की मुलीवर पैसे घेतल्याचा आरोप झाला. आपल्या मैदानांच्या कडेनेही दर चढाईवर नोटा लागतात, हे आपण सर्व जाणतो. ज्याचे पैसे गेले त्यानेच हा आरोप केला असावा, असा मला दाट संशय आहे. तेव्हा आयोजकांनी कडेचा जुगार चालू द्यायचा आणि फक्त शिव्यांवर बंदी घालायची, याने काही साधणार नाही.

जुना प्रेक्षक

निदानरेषा ताईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी काल नातवाकडून त्या प्रक्षेपणाखालचे लिहिणे वाचून घेतले. अर्ध्यावर त्याने वाचणे थांबवले आणि मीही पुढे वाच असे म्हणालो नाही. मैदानावर आम्ही बोलत होतो ते हे नव्हे. नोटांबद्दल लिहिले तेही बरोबर आहे. आमच्या गावच्या मंडळात माझे दोन शब्द ऐकले जातात. तेथे हा विषय मी काढतो.

मातीचे मैदान

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

भावाने सुदैवाने काही पुसले नव्हते. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे सर्व जमवून मुलगी, तिचे वडील, आमच्या महाविद्यालयातील एक प्राध्यापिका आणि मी असे चौघे ठाण्यात गेलो. महिला अधिकाऱ्यासाठी अडीच तास थांबावे लागले, पण तक्रार नोंदली गेली. त्या चित्रावर ओळ लिहिणारा मुलगा आमच्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी निघाला. मी त्याला दोन वर्षे शिकवले आहे. कोणत्याही परिस्थितीत तक्रार मागे घेण्यासाठी मी शब्द टाकणार नाही, हे त्याच्या घरच्यांना मी स्वतः जाऊन सांगितले.

मुलगी मंगळवारी सरावाला आली. वडिलांची अट अशी आहे की सामने तालुक्यातच खेळावेत आणि मुक्काम नको. विद्यापीठ संघाच्या निवड शिबिराला चार दिवसांचा मुक्काम आहे, त्यामुळे यंदा ती तेथे जाणार नाही. मी आग्रह केला नाही. ती पात्र होती, एवढे मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी कळवले आहे.

फेब्रुवारीअखेर आमच्याकडे होणाऱ्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात आयोजकांनी तीन गोष्टी छापण्याचे मान्य केले आहे. प्रक्षेपणासाठी स्वतंत्र नियंत्रक असेल आणि त्याचा भत्ता वर्गणीतून दिला जाईल. सामना संपताच लिहिलेले सर्व बंद होईल. कडेला पैसे लावताना कोणी आढळल्यास खेळ थांबवला जाईल. तिसऱ्या गोष्टीवर बैठकीत बराच वाद झाला आणि जुना प्रेक्षक दादांनी त्यांच्या मंडळाच्या चौघांना सोबत आणले नसते तर ती मान्य झाली नसती.

अडवायच्या शब्दांची यादी प्रक्षेपणवाले दादा आणि मी मिळून करत आहोत. आपापल्या भागातील शब्द, ते ज्या ज्या प्रकारे लिहिले जातात त्या सर्व प्रकारांसह, शनिवारपर्यंत मला व्यक्तिगत संदेशात पाठवावेत. कृपया येथे धाग्यावर लिहू नयेत, कारण हा धागा तिचा भाऊ वाचतो आहे.